झाडलेली राई

फार फार वर्षांपूर्वी, वाटा माणसांच्या पायांनी पडत आणि पाय थांबले की बुजून जात, त्या काळी डोंगराच्या कुशीत एक राज्य होतं. राज्य लहानच. सकाळी एका टोकाहून निघालेला माणूस वाटेत चार घरी ताक पिऊनही संध्याकाळी दुसऱ्या टोकाला जेवायला पोचत असे.

त्या राज्यातल्या लोकांना एका गोष्टीचा फार अभिमान होता. कशाचा? झाडण्याचा! पाहुणा यायचा असला की पायऱ्या झाडायच्या. लग्न ठरलं की गल्ली झाडायची. कुणाशी भांडण मिटवायचं असलं, तर मुकाट्यानं जाऊन त्याच्या दारापुढची जागा झाडून द्यायची, म्हणजे तो समजे. तोंडानं आदर कुणीही दाखवतो, ते म्हणत, खराट्यानं दाखवावा. यात वाईट काहीच नाही. पण चांगल्या सवयीलाही कुठंतरी थांबावं लागतं, आणि तेवढंच माणसाला जमत नाही.

त्या राज्याची गादी आईकडून लेकीकडे जात असे. राणीला एकच लेक होती, चार पावसाळे पाहिलेली. वाड्यामागच्या राईत एक जुनं कोशिंबाचं झाड होतं. कोशिंब तुम्ही पाहिला असेल तर ठाऊक असेल, फाल्गुनात त्याला पालवी फुटते ती हिरवी नसते, लालभडक असते. ती पोर त्या लाल पानाला थुंकी लावून कपाळावर चिकटवायची आणि साऱ्या वाड्यात मिरवायची. "मी राणी," म्हणायची. आणि खरी राणी तिला वाकून मुजरा करायची.

श्रावणात पोरीला ताप आला. तीन दिवस होता. चौथ्या दिवशी राणीनं तिचा पाय हातात घेतला तेव्हा तो गार होता. तो गारठा राणीच्या तळहातात शिरला आणि तिथंच राहिला. पुढे कितीही शेकला तरी तो हात गरम होईना.

लहान लेकराला अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. तिलाही कोशिंबाखाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी राणी तिथं गेली, तर त्या ताज्या मातीवर एक वाळकं पान पडलेलं. राणीला ते बघवेना. तिनं ते उचलून दूर फेकलं. तोवर दुसरं पडलं. मग तिनं हुकूम दिला, या राईत वाळलेलं, सुकलेलं, कुजलेलं काही म्हणजे काही दिसता कामा नये. माझ्या लेकीच्या अंगावर मरणाचं एक पानही पडू द्यायचं नाही.

लोकांना हुकूम मनापासून आवडला. झाडायचंच तर होतं! चाळीस माणसं नेमली, त्यांच्यावर एक म्हातारा नाईक नेमला. पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत चाळीस खराटे राईत फिरू लागले. पान पडलं की उचल. काटकी मोडली की उचल. फळ पडलं, पाखरू पडलं, भुंगा उलथा पडला, उचल. टोपल्या भरायच्या आणि टेकडीपलीकडे नेऊन ओतायच्या. राई अशी स्वच्छ झाली की परगावचे लोक मुद्दाम बघायला येत आणि जाताना चपला हातात घेऊन जात.

वाड्यात 'मरण' या शब्दालाही बंदी झाली. आता आपणही बांगडी फुटली तर 'वाढवली' म्हणतो आणि दिवा विझवायचा तर 'मोठा कर' म्हणतो. पण तिथं सगळंच वाढत आणि मोठं होत चाललं होतं. पान गळलं तर 'गावाला गेलं' म्हणायचं. कुणाची म्हैस गेली तरी ती माहेरी गेली.

असं तीन वर्षं चाललं. तिसऱ्या वर्षाच्या फाल्गुनात कोशिंबाला पालवी फुटली नाही. एका फांदीवर मूठभर लाल पानं आली, बाकी सगळं झाड काटक्यांचं उभं राहिलं.

लेक गेली होती, पण झाड होतं. तेवढाच तिचा धागा उरला होता, आणि आता तोही सुटू बघत होता.

माळी आले, वैद्य आले, ज्यांना बोलावलं नव्हतं तेही आले. एकानं बुंध्याला लेप लावला. दुसऱ्यानं मुळाशी दूध ओतलं. तिसऱ्यानं झाडाची दृष्ट काढली. दूध निदान मुंग्या तरी प्यायल्या असत्या, पण राईत मुंग्याही उरल्या नव्हत्या.

शेवटी राणीनं ठरवलं, झाड राहणार नसेल तर त्याचं रूप तरी राहायला हवं. तीन दिवसांच्या वाटेवर एक म्हातारी चितारीण राहत होती. तिनं काढलेल्या बैलाला खरे बैल हुंगतात असं लोक म्हणत. लोक काहीही म्हणतात, पण चित्रं ती चांगली काढत असणार. राणीनं तिला आणायला पालखी पाठवली. पालखी रिकामी परत आली आणि तिच्यामागून म्हातारी अनवाणी चालत आली. कमरेला तीन करवंट्या लटकत होत्या, बाकी सामान काही नव्हतं.

"हे झाड..." राणी म्हणाली, आणि पुढचा शब्द तिला उच्चारता येईना. "हे राहणार नाही म्हणतात. मला ते माझ्या महालाच्या भिंतीवर काढून दे. पालवीसकट. कधी बदलणार नाही असं."

चितारणीनं झाडाकडे वर पाहिलं, मग खाली पाहिलं. खाली जरा जास्तच वेळ पाहिलं.

"काढते की," ती म्हणाली. "पर आमच्या घराण्याची रीत हाय बाईसाहेब, ती मोडायची न्हाई. जे काढायचं त्याच्याभवती आधी सात दिस चालायचं. ज्याला चित्र हवं त्यानं बी संगं चालायचं. आन् रंग घरून आनायचा न्हाई. चालताना वाटंत जे पडलेलं घावल, त्याचाच करायचा. तोडायचं न्हाई, खुडायचं न्हाई. पडलेलंच उचलायचं."

"एवढंच ना?" राणी म्हणाली.

पहिल्या दिवशी राणीमागे छत्री धरणारी, पंखा धरणारी आणि पाणी धरणारी अशी वरात होती. चितारणीनं सगळ्यांना परत पाठवलं. "छत्रीखालून झाड दिसत न्हाई," ती म्हणाली. दोघी चालल्या. झाडाभोवती एक फेरी, मग थोडी मोठी, मग त्याहून मोठी. राणी तीन वर्षांत एवढं चालली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिच्या पायाला फोड आले. तरी ती चालत राहिली.

तिसऱ्या दिवशी म्हातारी मधेच थांबली. "कान द्या. काय ऐकू येतंय?"

राणीनं कान दिला. खराट्यांची खसखस दुरून येत होती. त्याखेरीज पाखराचा आवाज नाही, किड्याची किरकिर नाही. "काहीच नाही," राणी म्हणाली.

"व्हय. मला बी."

एकदा त्यांच्या अगदी पुढ्यात एक पान गळलं. म्हातारी वाकली, पण तिच्या बोटांआधी खराटा पोचला! झाडणाऱ्यानं पान टोपलीत टाकलं आणि अदबीनं नमस्कार केला. म्हातारीनं कपाळाला हात लावला. पाचव्या दिवशी तिनं जमीन टोकरून पाहिली, तर नख मोडलं. माती चुलीच्या ओट्यासारखी कडक झाली होती. पावसानं वरचा थर धुऊन नेला होता आणि कोशिंबाची मुळं हाताच्या शिरांसारखी उघडी पडली होती. तीन वर्षं रोज त्याच झाडापाशी येणाऱ्या राणीला ती मुळं त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.

सातव्या दिवशी संध्याकाळी चितारणीनं तिन्ही करवंट्या राणीपुढे ठेवल्या. तिन्ही रिकाम्या होत्या.

"चित्र व्हायचं न्हाई, बाईसाहेब."

राणीचा संताप झाला. "सात दिवस मला चालवलंस आणि आता नाही म्हणतेस? माझ्या भांडारात हिंगूळ आहे, हरताळ आहे, नीळ आहे. हवा तो रंग घे!"

"ते रंग असतील कशाचे तरी. ह्या झाडाचे न्हाईत." म्हातारी शांतपणे म्हणाली. "हितं पडतं ते जातं कुठं, तेवढं सांगा."

राणीला ठाऊकच नव्हतं. तीन वर्षांत तिनं ते कधी विचारलं नव्हतं.

नाईकाला बोलावलं. तो खराटा छातीशी धरून उभा राहिला.

"घळीत जातं, रानीसायेब. टेकडीपल्याडच्या."

"आणि तिथं त्याचं काय होतं?"

नाईक पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला.

"बोल ना!"

"कसं बोलू जी? जो शब्द लागतो त्याला बंदी हाय. आन् शब्द वापरला तरी ते सांगन्याजोगं न्हाई. मी दोन वर्सं रोज बघतो, घरी बायकोला बी सांगता येत न्हाई मला." त्यानं प्रथमच मान वर केली. "सकाळी चला. डोळ्यांनीच बघा."

आठव्या दिवशी उजाडता उजाडता तिघं टेकडी चढली. राणीला ती घळ आठवत होती. लहानपणी तिनं एकदा पाहिली होती. नुसता उघडा कातळ, वर बसलेले सरडे आणि दुपारची धग. तिथं फेकलेलं काही पुन्हा नजरेस पडणार नाही, म्हणूनच ती जागा निवडली असणार.

टेकडीच्या माथ्यावर आल्यावर राणीचे पाय थांबले.

घळीतून वाफ निघत होती. थंड सकाळी तोंडातून निघावी तशी, हळूहळू, लाटेलाटेनं. जणू खाली कुणी मोठं जनावर झोपलं होतं आणि श्वास घेत होतं. त्या वाफेत पाखरं ओरडत होती. किती पाखरं! राईतून गेलेली सगळी इथं आली होती.

ती खाली उतरली. पायाखाली आधी कालची पिवळी पानं लागली, कुरकुरीत. मग पाऊल रुतलं. खालची पानं तपकिरी, ओली. त्याखालच्या पानांच्या नुसत्या जाळ्या उरलेल्या, इतक्या नाजूक की त्यांतून आपल्या बोटावरच्या रेघा दिसाव्यात. राणीनं हातात घेतलेलं दागिन्यांतलं कुठलंही काम एवढं बारीक नव्हतं. जाळ्यांमधून बुरशीचे पांढरे धागे गेले होते, कुणी पानाला पान शिवत चालल्यासारखे. एक निळा भुंगा शेणाचा गोळा ढकलत होता. जुन्या ओंडक्यावर नारिंगी अळंब्यांचे थरावर थर आले होते. काठाशी एक पोपट पडला होता, बरेच दिवस झाले असावेत. त्याच्या पोटातलं बी रुजलं होतं आणि हिरव्या पिसांतून दोन पानांचं रोप वर आलं होतं.

राणीनं तोंड फिरवलं नाही. ती बघत राहिली. तिला भीती वाटत होती, आणि भीतीहून मोठं आणखी काहीतरी वाटत होतं, ज्याला तिच्याजवळ नाव नव्हतं. तिला वाटलं, आपण कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलो आहोत आणि घरधनी आपल्याहून फार मोठा आहे.

मग ऊन घळीत उतरलं आणि तिला घळीचा तळ दिसला.

तळ लाल होता. जिथवर नजर जाईल तिथवर गुडघाभर उंचीची रोपं होती, शेकड्यांनी, आणि प्रत्येकाच्या शेंड्याला लालभडक पालवी होती.

"ही... ही कुणी लावली?" राणीनं विचारलं.

"तुमीच जी," नाईक म्हणाला. "पानांसंगं फळं बी झाडत हुतो आमी."

चितारीण रोपांमधून वाट काढत राणीजवळ आली. तिनं काळ्या मातीची मूठ भरून राणीपुढे धरली.

"बाईसाहेब, लेक झाडाखाली हाय. झाड मुळानं जे घेतं ते वर जातं, पानात जातं. तीन वर्सं पानं आली, तीन वर्सं गळली. ती गेली कुठं?"

राणी त्या मुठीकडे पाहत राहिली. मग ती पानांच्या ढिगापाशी खाली बसली.

"मी तिला झाडून टाकलं," ती म्हणाली. "ती वर येत होती. दर वर्षी येत होती. मीच चाळीस खराटे लावून तिला बाहेर टाकलं."

तिनं दोन्ही हात त्या ढिगात कोपरापर्यंत घातले. आणि ती दचकली.

आत ऊब होती. झोपलेल्या मुलाच्या पोटाला हात लावावा तशी ऊब. मरण गार असतं हे राणीला पक्कं ठाऊक होतं, तिच्या तळहाताला ठाऊक होतं. आणि इथं तीन वर्षांच्या मरणाचा ढीग होता आणि तो गरम होता.

"हे जिवंत आहे?" तिनं कुजबुजत विचारलं.

"मेलेलं हाय," म्हातारी म्हणाली. तीन वर्षांत राणीसमोर तो शब्द कुणी प्रथमच उच्चारला होता. "मेलेलंच हाय. पर आत लाखो जीव जेवायला बसलेत. त्यांच्या पंगतीची ऊब ती."

राणीनं हात बाहेर काढले नाहीत. "माझी लेक मेली," ती म्हणाली. मग पुन्हा, मोठ्यानं, "माझी लेक मेली!" आणि ती रडली. तीन वर्षांत ती अशी रडली नव्हती. दोघांपैकी कुणी तिला उगी राहा म्हणालं नाही, हे फार बरं केलं.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले. तिचे हात काळे झाले होते आणि दोन्ही गरम होते.

मग रंग गोळा झाले. काळा तिथल्या मातीचा. पिवळा एका वाळल्या बुरशीचा. तपकिरी कुजल्या सालीचा. मोडक्या फांद्यांवर लाखेच्या किड्यांनी केलेली कवचं होती, ती कुटून लाल झाला. करवंट्या भरून वाहिल्या.

चित्र पुरं व्हायला महिना लागला. झाड भिंतीवर उभं राहिलं, पण भिंतीच्या मधोमध जमिनीची रेघ होती. वर जेवढं झाड, खाली तेवढीच मुळं, आणि पालवी ज्या लाल रंगाची, मुळंही त्याच लाल रंगाची.

"हा रंग टिकायचा न्हाई," निघताना म्हातारीनं बजावलं. "धा-बारा वर्सांत उडंल. कायमचा हवा आसंल तर दुसरा चितारी बघा."

"उडू दे," राणी म्हणाली.

खराटे थांबले. राणीला वाटत होतं, घळीतली सगळी माती उचलून परत राईत आणावी. पण तशी आणली तर ती शेकडो रोपं मेली असती. तिनं दोन दिवस विचार केला आणि कोशिंबाच्या मुळांशी फक्त एक टोपली माती घातली, स्वतःच्या हातांनी. घळीतलं घळीत राहू दिलं.

झाड वाचलं का? नाही. उशीर झाला होता, आणि उशीर झालेला असला की राणीचंही चालत नाही. दोन फाल्गुन त्या एका फांदीनं पालवी धरली. तिसऱ्या वर्षी आषाढातल्या वाऱ्यात झाड मुळासकट आडवं झालं. सवयीनं चाळीस माणसं दोर आणि कुऱ्हाडी घेऊन धावत आली. राणी बुंध्यापाशी बसली होती. तिचे डोळे वाहत होते.

"दोर घरी न्या," ती म्हणाली. "त्याला पडून राहू द्या. त्याला आता फार काम आहे."

झाड तिथंच राहिलं. पहिल्या वर्षी त्याच्यावर अळंब्या आल्या, दुसऱ्या वर्षी ढोलीत पिंगळ्यानं घर केलं, मग मुंग्या, मग वाळवी. राई हळूहळू बोलू लागली. लोकांना झाडल्याशिवाय करमेना, तेव्हा राणीनं त्यांना दुसरा आदर शिकवला. कुणाचं माणूस गेलं की सात दिवस त्याच्यासाठी चालायचं, राईतून घळीपर्यंत आणि घळीतून राईपर्यंत, आणि वाटेत जे पडलेलं असेल ते हातात घेऊन नीट बघायचं, मग जिथल्या तिथं ठेवायचं. सुरुवातीला लोक लाजले. मग चालले.

पुष्कळ वर्षं गेली. भिंतीवरचं चित्र उडालं. राणी म्हातारी झाली, काठी टेकत चालू लागली. एका फाल्गुनात परमुलखातून एक बाई आली. तिच्या कडेवर काही नव्हतं, पण हात मात्र मूल धरल्यासारखे होते. राणी काठी घेऊन तिच्याबरोबर निघाली. दोघी टेकडी चढून माथ्यावर आल्या. घळ, उतार, टेकडी, राई, सगळं एकच रान झालं होतं, आणि वाऱ्यावर सगळं लाल हलत होतं.

त्या बाईनं भीत भीत विचारलं, "तुमच्या लेकीचं झाड म्हणतात, ते यातलं कुठलं?"

राणीनं काठी खाली ठेवली. त्या साऱ्या लाल रानावरून तिनं सावकाश नजर फिरवली, इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत, आणि मग तिला हसू आलं.

"बाई गं," ती म्हणाली, "यातलं तिचं कुठलं नाही, ते मी अजून शोधते आहे."

बोध एवढाच: जो आपल्या अंगणातून मरण झाडून काढतो, तो त्याच खराट्यानं जगणंही झाडून काढतो.